बाजू संपेपर्यंत

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी चार माणसं जमत, आणि त्या खोलीचा नियम एकच होता. रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. खोकला आला तर गिळायचा. शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायची आणि बाजू संपेपर्यंत बाहेरच थांबायचं. लावलेली बाजू अर्धवट तोडायची नाही, हा त्याच नियमाचा धाकटा भाऊ. एकदा वरच्या मजल्यावर नळ फुटला आणि छतातून पाणी ठिबकायला लागलं, तर दुकानाचे मालक चष्मेवाले बादली धरून उभे राहिले, पण सुई काही उचलली नाही. बाजू उलटताना काय बोलायचं ते बोला, आणि तेही रेकॉर्डबद्दल.

सुईच्या दांड्याला हात फक्त चष्मेवाल्यांनी लावायचा. प्लेअर त्यांचा, खोली त्यांची, तेव्हा त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. बाकीच्या तिघांत औषधाच्या दुकानात बसणाऱ्या बाई होत्या, एक वकीलसाहेब होते आणि एक आपले कवळीवाले. कवळीवाले म्हणजे खरोखरच कवळ्या करणारे. दातांचे डॉक्टर मापं पाठवत, आणि हे घराच्या पुढच्या खोलीत बसून प्लास्टरचे जबडे ओतत, मेणात एकेक दात बसवत. फळीवर जबड्यांची रांग लागलेली असे. घरात इतके जबडे, आणि बोलायला एकही नाही, असा विनोद त्यांना एकदा सुचला होता. पण तो सांगायला तरी घरात कोणी हवं ना!

बायको होती. चांगली धडधाकट होती, पण दुसऱ्या शहरात, मुलाकडे. सुनेचं बाळंतपण काढायला म्हणून गेली. मग नातीला सांभाळायला कोणी नाही म्हणून राहिली, मग दुसरं नातवंड झालं, आणि मग येण्याची गोष्टच निघेनाशी झाली. भांडण नाही, तंटा नाही. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. रोज संध्याकाळी तिचा फोन येई, "अहो, जेवलात का?" हे म्हणत, "जेवलो." की झालं. तेवढ्यात तिकडे एखादं पोर रडायला लागे.

आता हे सगळं रविवारच्या मंडळींना माहीत असायला हवं की नाही? इतकी वर्षं मांडीला मांडी लावून बसलेली माणसं! पण छे. कोणाची सुई किती वजनावर टेकते, कोणी कुठली रेकॉर्ड कोणत्या साबणाने धुतली, हे सगळ्यांना तोंडपाठ. बाईंच्या घरी कोण असतं, वकील रात्री काय जेवतात, हे विचारण्याची बुद्धी कधी कोणाला झाली नाही. कवळीवाल्यांनाही नाही. ते काय आभाळातून पडले होते?

तर अशा ह्या खोलीत एका रविवारी वर्तमानपत्राची एक मुलगी आली. बरोबर फोटोग्राफर. रेकॉर्डी पुन्हा लोकांना आवडायला लागल्यात, त्यावर लेख करायचाय म्हणाली. चष्मेवाल्यांनी नवा सदरा घातला होता. बाईंनी तर चक्क केस रंगवले होते. मुलगी एकेकाशी वेगवेगळं बोलली. निघताना दुकानाच्या पायरीवर बुटाचे बंद बांधता बांधता तिने कवळीवाल्यांना सहज विचारलं, "आणि काका, घरी तुमच्याबरोबर कोण ऐकतं?"

साधाच प्रश्न. पण तो त्यांना इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता, त्यामुळे उत्तर आतून आपोआप बाहेर पडलं. "कोणी नाही. पण सुई टेकवली की गाण्याआधी थोडी खरखर येते ना, तेव्हा वाटतं, कोणीतरी बोलण्याआधी घसा साफ करतंय. तेवढ्यासाठी लावतो मी." आणि लगेच जीभ चावून म्हणाले, "हे छापू नकोस हं. निदान नाव तरी नको."

पुढच्या रविवारी लेख छापून आला. मथळा होता, 'जुन्या सुरांचे एकाकी राजे'.

त्या दिवशी प्लेअरचं झाकण उघडलंच नाही. वकीलसाहेब मधोमध उभे राहून, कोर्टात साक्ष वाचावी तशा खणखणीत आवाजात लेख वाचत होते, आणि वाक्यावाक्याला कोणाच्या ना कोणाच्या अंगाचा तिळपापड होत होता.

"पुनरागमन?" चष्मेवाले कडाडले. "म्हणे रेकॉर्डचं पुनरागमन! अहो, आम्ही गेलो कधी होतो?"

"आणि ही 'खरखरीची ऊब' काय भानगड आहे?" बाई म्हणाल्या. "खरखर म्हणजे धूळ. रेकॉर्ड धुतली की येत नाही. आम्हाला धूळ आवडते असं लिहिलंय ह्या बयेने." कवळीवाल्यांनी मान खाली घातली. "आणि राजे म्हणे! मग मी कोण, पहारेकरी? सबंध लेखात माझं नाव नाही. फोटोत बघा, माझं कोपर आलंय. तेवढं कापून भिंतीला लावते."

फोटोचं तर विचारूच नका. फोटोग्राफरने वकिलांना रेकॉर्ड खिडकीच्या उजेडात धरून बघायला सांगितलं होतं, आणि छापलेल्या फोटोत त्यांचा अंगठा नेमका खाचांवर टेकलेला दिसत होता. बाहेरच्या माणसाला ह्यात काही वाटायचं नाही. पण रेकॉर्डवाल्यांच्या जगात खाचांवर अंगठा म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखं. रेकॉर्ड कडेने आणि मधल्या कागदावर धरायची, हे ह्या लोकांच्या हाडीमाशी खिळलेलं. चष्मेवाले त्या अंगठ्यावर जे सुरू झाले ते थांबेचनात. वकील म्हणाले, फोटोग्राफरने तीनदा हात बदलायला लावला. बाई म्हणाल्या, माझं कोपर निदान हवेत तरी आहे. असा सगळा गदारोळ चालला असताना वकिलांनी हात वर केला आणि म्हणाले, "थांबा. शेवट राहिलाय."

शेवटचं वाक्य त्यांनी जरा हळू वाचलं. "'घरात बोलायला कोणी नाही, म्हणून रेकॉर्ड लावतो,' असं ह्या मंडळीतल्या एका सदस्याने नाव न छापण्याच्या अटीवर सांगितलं."

वाचून ते थांबले. चष्मा काढून पुसला. मग एकेकाच्या तोंडाकडे बघितलं.

कवळीवाल्यांनी ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा म्हणून बघितलं. घसा साफ करण्याचं गेलं होतं, खरखर भलत्याच वाक्यात जाऊन पडली होती, त्या मुलीने त्यांचं सगळं बोलणं पिळून वाळत घातलं होतं. पण वाक्य त्यांचंच. दुसरं कोण असं बोलणार?

"कोण हा रडतोंड्या?" चष्मेवाले म्हणाले.

बाई फिसकन हसल्या. आणि कवळीवाले? कवळीवाले सगळ्यांत मोठ्याने हसले. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हटलं की माणूस असा हसतो. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं तेही त्यांनी हसण्याच्या नावावर खपवलं.

फक्त वकील हसले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. मग एकाएकी असे भडकले की अंगठ्यावरूनही इतके भडकले नव्हते. "हसण्यावारी नेऊ नका. ह्या माणसाने आपल्याला भिकारी ठरवलंय. लोक काय म्हणतील, घरी कोणी विचारत नाही म्हणून हे इथे येऊन बसतात? मी खुलासा लिहितो. पुढच्या रविवारी सगळ्यांनी सह्या करायच्या. आणि जो कोणी बोलला असेल, तो ह्या खोलीतून बाहेर."

"त्या मुलीलाच फोन करून विचारतो की कोण ते," चष्मेवाले म्हणाले.

"नको," वकील घाईने म्हणाले. "पत्रकार नाव सांगत नसतात. आपला माणूस आपणच ओळखू."

तो आठवडा कवळीवाल्यांचं कामात लक्ष लागेना. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या कवळीत वरचे दात खाली बसवून ठेवले, मग सगळं मेण वितळवून पहिल्यापासून. चष्मेवाले गप्प बसणारे नव्हते. त्यांनी फोन केला, मुलीच्या तोंडून नाव सुटलं, की संपला रविवार. आणि रविवार संपला म्हणजे काय उरतं? तसं बघितलं तर त्या खोलीत कोणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. पण शेजारी माणसं बसलेली असत. खुर्ची करकरे, बाईंच्या औषधी साबणाचा वास येई, वकिलांचं पोट मधेच गुरगुरे. आठवडाभर त्यावर भागत होतं.

मधेच एका संध्याकाळी बायकोचा फोन आला. "अहो, जेवलात का? आणि तुमच्या मंडळाचं पेपरात आलंय म्हणे. मुलाने दाखवलं. तुम्ही कुठे दिसत नाही ते फोटोत?"

"मी मागे होतो."

"नेहमीचंच तुमचं. बरं, तो कोण हो बिचारा? घरात बोलायला कोणी नाही म्हणणारा? वाचून मला कसंतरीच झालं."

कवळीवाल्यांच्या हातात मेणाची सुरी होती. ती त्यांनी खाली ठेवली. आता सांगावं. दोनच शब्द तर सांगायचे. तोंड उघडलंसुद्धा. पण मीच तो, असं बायकोला सांगायचं म्हणजे तिच्यावर ठपका ठेवल्यासारखं झालं असतं, आणि तिकडे दोन पोरं तिच्या पदराला लटकलेली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला?

"आहे एक," ते म्हणाले.

"त्याला म्हणावं, आमच्याकडे येत जा. एकटं माणूस वाईट हो," बायको म्हणाली, आणि तिकडे काहीतरी फुटल्याचा आवाज आला. "ठेवते हं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मनाचा हिय्या करून त्या पत्रकार मुलीला फोन लावला. आडवळणं घेत, माफी मागत, एकदाचं सांगितलं की, बाई गं, कोणी विचारलं तर माझं नाव सांगू नकोस.

"तुमचं नाव कशाबद्दल काका?"

"ते शेवटचं वाक्य."

"ते तुमचं नाही," मुलगी म्हणाली. "तुमचं ते घसा साफ करण्याचं होतं ना? किती सुंदर होतं ते! पण संपादकांनी जागा नाही म्हणून काढलं. सॉरी हं. हे दुसऱ्या कोणाचं तरी आहे."

"दुसऱ्या कोणाचं?"

"ते कसं सांगू?"

फोन ठेवल्यावर त्यांना आधी हायसं वाटलं. मग, खोटं कशाला बोला, जरा रागही आला. इतकं मनातलं बोललो आणि जागा नाही! आणि मग, भांडी घासताना, खरी गोष्ट डोक्यात शिरली. त्या खोलीत आपल्यासारखं दुसरंही कोणीतरी होतं. तिघांपैकी एक. आणि त्याच्या वाक्यावर आपण सगळ्यांत मोठ्याने हसलो होतो.

रविवारी वकील खुलासा टाईप करून घेऊन आले. जाड, पांढराशुभ्र कागद. 'आम्ही रेकॉर्ड ऐकतो त्या केवळ संगीतासाठी. आमच्यापैकी कोणीही एकाकी नाही. सदर विधान करणारी व्यक्ती आमच्यात असल्यास ती ह्यापुढे आमच्यात राहणार नाही.' खाली चार रेघा. कागद टेबलावर, कागदावर पेन.

"आधी एक बाजू ऐकू," चष्मेवाले म्हणाले. "मागच्या रविवारी त्या लेखापायी काही ऐकलंच नाही. सह्या काय, मग होतील." आणि त्यांनी कपाटातून आपली ती रेकॉर्ड काढली. ती ते वर्षातून एखाद्या वेळीच काढत. एका बाईचा आवाज आणि साथीला एकच वाद्य, बस्स. तिची दुसरी प्रत जगात कुठे उरलेली नाही अशी त्यांची ठाम समजूत होती, आणि ती खोटी ठरवायच्या भानगडीत कोणी पडलं नव्हतं. दोन्ही तळव्यांच्या मधे धरून त्यांनी ती ठेवली, कुंचल्याने धूळ काढली, सुई टेकवली, आणि खुर्चीत जाऊन डोळे मिटले.

कवळीवाल्यांनी मात्र डोळे उघडे ठेवले. कोण असेल?

बाई? त्या नेहमी सगळ्यांच्या आधी आलेल्या असत आणि सगळ्यांच्या शेवटी निघत. आजही त्यांच्या पिशवीत एकाच माणसापुरता पाव दिसत होता. चष्मेवाले? कोपऱ्यात एक घडीची खाट होती, तिच्यावर उशी. इतकी वर्षं ती कवळीवाल्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि आज प्रथम त्यांच्या मनात आलं, चष्म्याच्या दुकानात खाट कशाला? गिऱ्हाईक काय झोपून नंबर काढतं? आणि वकील. वकिलांच्या कोटाचं मधलं बटण गेल्या हिवाळ्यात तुटलं होतं, ते अजून तुटलेलंच. पण छे, वकील कसे असतील, खुलासा तर त्यांनीच लिहिलाय.

म्हणजे तिघांपैकी कोणीही असू शकत होतं. 

बाजू अर्ध्यावर आली. ती संपली की पेन फिरणार. ज्या कोणाचं ते वाक्य होतं, तो आपल्या हाताने 'आमच्यापैकी कोणीही एकाकी नाही' ह्याच्याखाली सही करणार, घरी जाणार, आणि पुन्हा जन्मात कोणाजवळ तोंड उघडणार नाही. गप्प राहिलं तर आपला रविवार शाबूत. बोललं तर हा शेवटचा. कवळीवाल्यांनी पुष्कळ हिशोब केला. पण मागच्या रविवारचं आपलं हसणं काही केल्या कानातून जाईना.

"ते वाक्य माझं नाही," ते म्हणाले.

गाणं चालू होतं! बाईंनी दचकून बघितलं. चष्मेवाल्यांनी डोळे न उघडता तोंडावर बोट ठेवलं.

"माझं नाही, पण मीही तिला तेच सांगितलं होतं," कवळीवाले पुढे बोलत राहिले. गाण्यावरून ऐकू जावा म्हणून आवाज चढवावा लागत होता, हे त्यांचं त्यांनाच विचित्र वाटत होतं. "बायको मुलाकडे गेली ती तिकडचीच झाली. घरात कोणी नसतं. मी मागच्या वेळी हसलो, ते चुकलं माझं. मी सही करणार नाही. ही बाजू संपली की जातो मी."

कोणी काही बोललं नाही. बोलणार कसं, बाजू चालू होती. चष्मेवाल्यांचं बोट ओठांवरच राहिलं होतं. बाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या. त्या खोलीत आपण कपडे काढून उभे आहोत असं कवळीवाल्यांना वाटलं, आणि ती गाणारी बाई शांतपणे गातच होती.

तेवढ्यात वकील उठले. तरातरा प्लेअरपाशी गेले आणि त्यांनी सुईचा दांडा धरला. वकिलांनी! उचलताना दांड्याला झटका बसला, आणि सुई रेकॉर्डवरून आडवी खरडत गेली. तो आवाज ऐकून बाईंनी कानांवर हात ठेवले. चष्मेवाले ताडकन उठून उभे राहिले, पण पुढे पाऊल टाकलं नाही.

इतक्या वर्षांत ती खोली बाजूच्या मधोमध पहिल्यांदा गप्प झाली.

"माझं आहे," वकील म्हणाले. त्यांची पाठ सगळ्यांकडे होती. "मला तिने विचारलंसुद्धा नव्हतं. मीच नंतर फोन करून सांगितलं. छाप म्हणालो, फक्त नाव नको."

"पण मग... का?" बाईंनी विचारलं.

"वाटलं, इथे वाचलं जाईल. कोणीतरी म्हणेल, अरे, कोण आहे हा? बरा आहे ना?" वकिलांनी सुईचा दांडा जागेवर ठेवला. "म्हणून मीच मोठ्याने वाचलं. तुम्ही हसलात. मग मला ते कुठे लपवू आणि कुठे नको असं झालं."

चष्मेवाले हळूच पुढे आले. रेकॉर्ड उचलून त्यांनी उजेडात धरली. एक पांढरी रेघ ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. त्यांनी ती बराच वेळ बघितली. वकील मान खाली घालून उभे, शिक्षा ऐकायला उभं राहावं तसे. चष्मेवाल्यांनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला, थेट खाचांवरून, आणि रेकॉर्ड पाकिटात घालून ठेवून दिली.

"बसा," ते म्हणाले.

वकील बसले. सगळेच बसले. आणि आता आली का पंचाईत! रेकॉर्ड नाही, बाजू नाही, आणि बोलायची सवय कोणालाच नाही.  चष्मेवाले खाटेवरची उशी उगाचच सरळ करत होते. बाहेर रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली, ती चौघांनीही नीट ऐकली.

कवळीवाल्यांनी घसा साफ केला.

"वकीलसाहेब, आमची बायको म्हणत होती, तो जो कोणी आहे त्याला म्हणावं, आमच्याकडे येत जा."

वकिलांनी वर बघितलं. "पण वहिनी तर नसतात ना घरी?"

"नाही," कवळीवाले म्हणाले. "तरी या."